जरीच्या फेट्यातलं रडार

दचकू नका. इकडं, होडीच्या मागच्या टोकाला बघा. बोअरच्या पाइपावर पांढरं, गोल, झाकण घातलेल्या पातेल्यासारखं जे बसलंय ना, ते मीच. मी एक रडार आहे. कुणी मला पाण्याची टाकी म्हणतं, कुणी टीव्हीची छत्री. एका म्हातारीनं तर 'ह्यात दही लावत्यात का?' असं अगदी मनापासून विचारलं होतं. मी मनाला लावून घेत नाही. माझे भाऊबंद समुद्रात मोठमोठ्या जहाजांवर बसून देशोदेशी हिंडतात, आणि मी सोलापूर जिल्ह्यात, जिथनं समुद्र बघायला निघालं तर दिवसभर गाडीत बसावं लागतं. असं नशीब सगळ्यांना थोडंच मिळतं?

माझं काम साधं आहे. माझ्या पोटात एक पट्टी गरागरा फिरते आणि चारी बाजूंना लहरी सोडते. लहर जाऊन कशाला तरी धडकली की परत येते, आणि नावाड्यासमोरच्या पडद्यावर तिथं ठिपका उमटतो. अंधार असो, धुकं असो, मला फरक पडत नाही. मला फरक पडतो तो फक्त माणसांच्या हौसेनं. ते पुढं येईलच.

वळसंगच्या पुढं, अक्कलकोटच्या अलीकडं एक तलाव आहे. अलीकडच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासनं पुढची शाळा पलीकडच्या काठावर. पाण्यातनं गेलं तर अर्धा तास, रस्त्यानं गेलं तर तेरा किलोमीटर. एसटी दिवसातनं दोनदा, तीही ड्रायव्हरला आठवण झाली तर.

म्हणून पोरं होडीतनं जायची. होडी गौसची. गौस तरणा असताना कोकणात खाडीवर मामाकडं राहून होडी चालवायला शिकला, मग परत येऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात सात वर्षं माग चालवला. पण हात पाण्याचेच राहिले. शेवटी त्यानं स्वतःची छोटी शिडाची होडी बांधली. तलावाचं पाणी पिण्याचं, त्यामुळं इंजिनाला ग्रामपंचायतीची मनाई. शीड कशाचं, तर कारखान्यातनं बाद झालेल्या चादरींचं. त्यावर चार मोर आहेत, चारीही उलटे. वारा भरला की मोर डोक्यावर उभे राहून शाळेला निघतात. अशा होडीवर मला बसवलं. अजून काय सांगू?

गौसची बायको झीनत. वय असेल एकोणतीस. तिच्या काळजीला सुट्टी नव्हती, रविवारची पण नाही. पोरगी आयेशा पाचवीत गेली आणि होडीनं जायला लागली, तसं झीनतनं तिच्या पाठीला दप्तराबरोबर गोडेतेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन बांधायला सुरुवात केली. बुडाली तर तरंगंल म्हणून. पोरं आयेशाला 'तेलवाली' म्हणायची. आयेशा रडायची. झीनत गाठ आणखी आवळायची.

मग त्या डिसेंबरात एका सकाळी होडी धुक्यात शिरली आणि दीड तास सापडलीच नाही. गौस वाट चुकून भलत्याच काठाच्या लव्हाळ्यात रुतून बसला होता. पोरं मजेत भेंड्या खेळत होती. इकडं झीनत काठावर हाका मारून मारून घसा बसवून घेत होती. होडी परत आली तेव्हा ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "एक तर धुक्यात दिसंल असं काय तरी करा, न्हायतर आयेशाची शाळा बंद."

गौसला ठाऊक होतं, हे वाक्य झीनतच्या तोंडून सहज निघालेलं नाही. तिची स्वतःची शाळा सातवीला थांबली होती. हायस्कूल ओढ्यापलीकडं होतं, पावसाळ्यात ओढ्याला पाणी यायचं, आणि तिच्या आईला भीती वाटली. बस. एवढंच कारण.

मग गावात बैठक बसली. माणसं एकत्र बसली की अक्कल किती वाढते हे मी पुढं अनेकदा पाहिलं, पण त्या बैठकीची गोष्ट ऐकीव आहे. एक जण म्हणाला, होडीवर सीसीटीव्ही बसवा. दुसरा म्हणाला, ट्रॅक्टरचे फोकस लावा. तिसरा म्हणाला, पोरांना शिकून तरी काय करायचंय? शेवटी गौसचा थोरला भाऊ बंदेनवाज उठला. तो मुंबईच्या बंदरावर ट्रक घेऊन जायचा, त्यामुळं समुद्रातलं सगळं त्याला कळतं असं तो स्वतःच सांगायचा. "जहाजाला असतंय तसलं रडार आणू की! जर्मनीचं मिळालं तर जर्मनीचं!" गावाला कल्पना लई आवडली. शेजारच्या कुठल्याच गावाकडं रडार नव्हतं ना. पोरांसाठी अंगात घालायची तरंगणारी जॅकेटं घ्यावीत असं झीनत म्हणाली, तर सगळे म्हणाले, ते बघू नंतर.

आता माझी एंट्री. मी मुंबईत बंदराजवळच्या एका दुकानात मांडणीवर धूळ खात होतो. बंदेनवाज आला, आणि त्यानं मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. पलीकडं अख्खं गाव दाटीवाटीनं एका पडद्यात.

दुकानदारानं आधी थोरलं रडार दाखवलं. चार हात लांब उघडी पट्टी, पंख्यासारखी फिरणारी. "अठ्ठेचाळीस मैल दिसतं," तो म्हणाला.

"घ्या!" बंदेनवाज गरजला. पलीकडनं टाळ्या.

तलाव दीड मैल. अठ्ठेचाळीस मैल म्हणजे सोलापूर मागं टाकून पुढच्या जिल्ह्यातली तूर कापणी बघायची सोय. पण टाळ्या वाजवणाऱ्याला नकाशा दाखवू नये, हे मला दुकानात राहून कळलं होतं.

तेवढ्यात गर्दीतनं एक बारीक आवाज आला, झीनतचा. "भाईजान, जरा इचारा की त्येस्नी. लांबचं ऱ्हाऊ दे. जवळचं किती दिसतंय?"

"अगं जवळचं तर डोळ्यानं पण दिसतंय," बंदेनवाज हसला.

"धुक्यात कुटं दिसतंय? अन् होडी आपटायची ती जवळच्यालाच की, भाईजान. लांबच्याला कशी आपटंल?"

दुकानदार एकदम नीट उभा राहिला. मग त्यानं खरं सांगितलं. ते थोरलं रडार लांबचं झकास दाखवतं, पण अगदी जवळच्या शंभरेक फुटांत आंधळं. शिवाय जड एवढं की छोटी होडी कलंडावी, आणि वीज एवढी खातं की बॅटरी सकाळीच झोपावी. झीनतनं वजन विचारलं, वीज विचारली, पाऊस लागला तर चालंल का विचारलं. सातवी शिकलेल्या बाईनं तीन प्रश्नांत जे विचारलं, ते मोठमोठे टोपीवाले कप्तान विचारत नाहीत. दुकानदारानं मला खाली काढून फुंकर मारली. "हे घ्या. लहान आहे, हलकं आहे, वीस फुटांपासनं बघतं."

बंदेनवाजचं तोंड पडलं. त्याला फिरणारी पट्टी पाहिजे होती, गावाला लांबनं दिसणारी.

मला बसवायचा सोहळा तीन दिवस चालला. बंदेनवाज म्हणाला, डोलकाठीच्या शेंड्यावर बसवा. गौस म्हणाला, तिथं वजन गेलं की होडी पहिल्याच झोतात कुशीवर झोपंल, आणि शीड सारखं आपटंल ते वेगळंच. गौसची आई नूरबी म्हणाली, कुठंबी बसवा, पण ह्याची किरणं पोरांच्या डोक्यात जायला नकोत. तिघांत खरं बोलणारे दोघं होते, म्हणून वाद लांबला. शेवटी होडीच्या मागं बोअरचा पाइप उभा करायचं ठरलं, माणसांच्या डोक्यापेक्षा उंच.

पाइप जोडायला वेल्डर बसू आला. प्रत्येक गोष्टीला "सरी, सरी" म्हणणारा, म्हणजे कानडीत 'बरं, बरं'. त्यानं गवंड्याची पाणसळ आणून मला अगदी सपाट बसवलं, वायर पाइपातनं नेली, भोकाला रबर लावलं. काम एक नंबर. फक्त मला उलटं बसवलं, तोंड मागं करून. पहिल्या चाचणीत गौसला मागचा काठ पुढं दिसला, आणि त्यानं काठाला जायच्या ऐवजी काठापासनं पळ काढला. "सरी, सरी," म्हणून बसूनं मला फिरवलं.

मग भर दुपारी, स्वच्छ उन्हात खरी चाचणी झाली. तलावाच्या मधोमध गावाच्या पाण्याची जॅकवेल आहे, म्हणजे मोटार बसवलेली सिमेंटची उंच विहीर. तिच्याभोवती पाण्याखाली जुने लोखंडी अँगल वर तोंड करून उभे आहेत. होडीची फळी फाडायला एक पुरे. ती जॅकवेल माझ्या पडद्यावर अशी ठसठशीत उमटली की गौस खूष झाला. पलीकडच्या काठावरचं पत्र्याचं देऊळ तर चकाकलंच.

झीनत पडदा बघत होती. मग तिनं मान वर करून पाण्याकडं पाहिलं. वीस हातांवर मच्छीमार शिवू थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होता.

"ह्यो शिवू कुटं हाय ह्यात?"

गौसनं पडदा बघितला. शिवू नव्हताच. "थर्माकोल हाय, त्याच्यावर माणूस. तसलं दिसत न्हाय ह्येला."

"म्हंजे ह्येला इमारत दिसती, माणूस न्हाय?"

"वयनी, मी हितंच हाय!" शिवूनं हात हलवला.

मला लाज वाटली. पण खरं आहे ते. लहर लोखंडावर, पत्र्यावर, सिमेंटावर चांगली आपटून येते. थर्माकोल आणि मऊ अंग तिला कळतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब पांढऱ्या कपड्यांत आले. नारळ फुटला. नूरबीनं दुआ पढून माझ्यावर फुंकर मारली. ग्रामपंचायतीनं मला टॉवेल दिला, तो पाइपाला बांधला. आता टॉवेल दिला म्हणजे टोपी आली. आमच्याकडं आहेर अर्धा देत नाहीत. पण माझ्या मापाची टोपी मिळेना. तेव्हा आबासाहेबांनी स्वतःसाठी आणलेला लाल फेटा सोडला, रुंद जरीकाठाचा, आणि मला गरगर गुंडाळला.

"डोक्यासारखंच हाय की गोल! बघा, नवरदेव दिसतंय का न्हाय?"

सगळे हसले. मोबाइल निघाले. फेट्यातले माझे दीडशे फोटो त्या दिवशी निघाले असतील. संध्याकाळी गौस फेटा काढायला लागला, तर आबासाहेब म्हणाले, "खुळा हायस का? मानाचा फेटा हाय. बाजारच्या दिवसापातुर न्हाय काढायचा. माझा अपमान करतोस व्हय?"

गौसनं हात मागं घेतला. आणि कुणालाच ठाऊक नव्हतं की जरीची तार म्हणजे माझ्या डोळ्यावर पत्रा. माझी लहर धातूच्या तारेपलीकडं जात नाही. बाजार शुक्रवारी. आज मंगळवार.

बुधवारी सकाळी असं धुकं पडलं की बैलाला शेपूट दिसेना. झीनतला राहवेना; ती स्वतःच होडीत चढली, आयेशाच्या पाठीला तेलाचा कॅन बांधून. आबासाहेब पण होते, शाळेत मीटिंग होती. पोरं नऊ. एरवी धुक्यात गौस शिट्टी वाजवत, हाका देत, वल्ह्यानं चाचपत जायचा. आज त्यानं शिट्टी खिशातच ठेवली. रडार आहे ना! पोरांना पण सांगितलं, "गप बसा, मशीन काम करतंय." जसं काही मी कानानं बघणार होतो.

बारीक वारा होता. उलटे मोर फुगले. गौस पडद्यावर डोळे लावून बसला. "साफ हाय! कायसुदिक न्हाय वाटंत!"

मी फेट्याच्या आत ओरडत होतो. फेटा दहिवरानं भिजून जड झालेला, जरीचा विळखा चहूबाजूंनी. माझी प्रत्येक लहर दोन बोटांवरनं माघारी येत होती, आणि वीस फुटांच्या आतलं मला कळत नाही, म्हणून पडदा कोरा. जन्मात एवढं आंधळं मी कधी झालो नव्हतो, आणि जन्मात एवढा विश्वासही कुणी टाकला नव्हता.

झीनत नवऱ्याच्या खांद्यावरनं पडदा बघत होती. "अहो, जॅकवेल कुटं हाय?"

"आं?"

"परवा हितं मधी दिसत हुती की. जाड ठिपका. आज कुटं गेली?"

"अगं, साफ हाय म्हंजे साफ हाय."

"ती काय चालत गेली व्हय घरी? अन् देऊळ? त्ये बी गेलं?"

गौसनं पहिल्यांदा पडद्यावरनं डोळे उचलले. झीनत माझ्याकडं वळली. क्षणभर ती त्या लाल, ओल्या, झगमगत्या गोळ्याकडं बघत राहिली. मग बाकावर चढली आणि फेट्याला हात घातला.

"अगं अगं! मानाचा हाय त्यो!" आबासाहेब ओरडले. "पोरी, पाप लागंल!"

"लागू दे मला!" गाठ ओली, सुटेना. तिनं दात लावले, सगळा फेटा ओढून काढला आणि आबासाहेबांच्या मांडीवर फेकला.

माझी पट्टी एक गरका फिरली. पडद्यावर जॅकवेल उमटली, होडीच्या अगदी नाकासमोर.

गौसनं सुकाणू असं दाबलं की आबासाहेब फेट्यासकट आडवे झाले. धुक्यातनं सिमेंटची भिंत काळी होऊन वर आली, इतक्या जवळ की तिच्यावरचं शेवाळ दिसलं. पाण्याखाली एक अँगल होडीच्या कडेला खरवडत गेला. कर्र्र. पोरं किंचाळली. एक डबा पाण्यात पडला. फळी टिकली. भिंत मागं सरकली.

आता समोर मोकळं होतं. मी छाती फुगवून मोकळा पडदा दाखवला. आणि होडीच्या टोकाला बसलेली आयेशा ओरडली, "अब्बा, माणूस! माणूस हाय!"

शिवू. थर्माकोलवर, अगदी पुढ्यात. गौसनं वल्हं टेकवून होडी थोपवली. शिवू कमरेपर्यंत भिजला आणि त्यानं सगळ्या गावाच्या विज्ञानाला जे काही म्हटलं, ते मी इथं लिहीत नाही.

पलीकडच्या काठाला लागेपर्यंत आबासाहेब मांडीवरचा फेटा घड्या घालत होते, एकच घडी पाच पाच वेळा. उतरताना म्हणाले, "पोरी... मला ठावं नव्हतं गं."

"मला तरी कुटं ठावं हुतं, आबा," झीनत म्हणाली.

त्या दिवसापासनं आयेशा घरी बसली. नूरबीनं दप्तर उचलून स्वतःच्या उशाला ठेवलं. "बस झालं. पोरगी घरात बरी. जीव हाय तर सगळं हाय." गौसचा तोंड उघडायचा हक्क त्या अँगलनं खरवडून नेला होता. दोन दिवस होडी आयेशाशिवाय गेली. मला वाटलं, संपलं. माझं येणं वाया गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी झीनत घरातली एक चेपलेली अल्युमिनियमची डेगची घेऊन काठावर आली. पत्र्याचं देऊळ दिसतंय, तर डेगची का दिसणार नाही, एवढाच तिचा विचार. तिनं ती शिवूच्या तराफ्यावर बांबूला उंच बांधायला लावली. "आता जा लांब." शिवू कुरकुरत गेला. माझ्या पडद्यावर ठिपका उमटला, इवलासा, पण शिवूचा. झीनतनं तो बोटानं दाबून पाहिला. मग मागं वळली. नूरबी दप्तर कवटाळून उभी होती.

"अम्मी, दप्तर द्या."

"तुला भ्या वाटत न्हाय व्हय गं?"

"वाटतंय की. लई वाटतंय. माझ्याएवढं ह्या गावात कुणाला वाटत नसंल. माझ्या आईला बी वाटलं हुतं, अम्मी. तिचं भ्या त्या पावसाळ्यापुरतं हुतं. माझी शाळा मातर कायमची गेली."

नूरबीनं दप्तर दिलं. लगेच नाही. आधी त्याला चिकटलेलं गवत झाडलं, मग दिलं.

त्यानंतर झीनतनं कायदाच केला. धुक्यात गौसनं शिट्टी वाजवायची, पुढं एका पोरानं डोळे फाडून बसायचं, मी बघायचं ते बघायचं. आणि जॅकेटं आली. ज्या गावानं आधी रडार आणून मग जॅकेटं आणली, त्या गावाचं कौतुक करायला माझ्याकडं शब्द नाहीत.

आता माझा चौथा हिवाळा. माझा पांढरा रंग पिवळा पडलाय. माझ्यावर बगळे बसतात आणि बगळे जे करतात ते करतात. भोकाचं रबर फाटलं, तिथं बसूनं एम-सील थापलंय. सरी, सरी. उन्हाळ्यात नि पावसाळ्यात माझ्यावर कांद्याचं पोतं घालतात आणि विसरून जातात. मार्गशीर्षात पहिलं धुकं आलं की 'अरे, ते यंत्र चालू हाय का?' म्हणत धावतात. पाहुणे आले की माझ्याबरोबर सेल्फी काढतात. आबासाहेब दर सव्वीस जानेवारीला फेटा हातात घेऊन माझ्याकडं हळूच बघतात, आणि झीनत त्यांच्याकडं.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. मला हार घालू नका, शाल घालू नका, फेटा तर नकोच. ओल्या फडक्यानं पुसा, झालं. आणि माझ्यावर भरवसा ठेवाच, पण मान वर करून समोर पण बघत जा. तुमचे डोळे काही बाद मालाचे नाहीत.

निरोप घेण्याआधी जूनमधली एक सकाळ सांगतो. आभाळ स्वच्छ होतं, मी पोत्याखाली, पण पोत्याला भोक आहे. आयेशा आठवीच्या पहिल्या दिवसाला निघाली होती. झीनत काठावर आली, तिच्या दप्तरातनं गणिताचं नवं पुस्तक काढलं आणि उभ्यानंच चाळायला लागली. दोन पानं उलटली. तिसऱ्या पानावर थांबली, ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं.

"काय झालं, अम्मी?" आयेशानं विचारलं.

"हे मला न्हाय येत," झीनत म्हणाली. तोंडभर हसली, पुस्तक दप्तरात घातलं, आणि पाण्यात उतरून होडी ढकलून दिली.